शेवटच्या कडव्यातलं नाव

बलाईदचा आवाज त्या डोंगरातल्या झाडून साऱ्या बायकांनी ऐकला होता, एक त्याची बायको सोडून. फरूजाला कोणी हे बोलून दाखवलं की ती म्हणायची, मला काय करायचंय ऐकून, रात्रभर घोरतो तेवढं पुरे आहे. पण ते वरवरचं. आतून तिचा जीव तुटायचा.

त्यात बलाईदचा दोष होता असंही नाही. एरवी तो गवंडीकाम करायचा आणि लग्नसराई आली की मॅंडोल हे तारांचं वाद्य पाठीला लावून लांबलांबच्या गावी गायला जायचा. शब्द त्याचे, चाली त्याच्या. पण गाणी पडली प्रेमाची, आणि थोरामोठ्यांसमोर प्रेमाचं गाणं म्हणायचं म्हणजे लाज सोडल्यातच जमा. स्वतःच्या गावात बाप, चुलते, मेहुणे बसलेले, म्हणून तिथे त्याने कधी तोंड उघडलं नाही. घरात म्हातारी आई. शहरात जाऊन स्टुडिओत गाणं भरावं, तर ते रेडिओवर लागणार आणि आईच्या कानावर पडणार. मग तेही राहिलं. आई चांगली पिकून गेली, तोवर सिमेंटच्या धुळीने बलाईदची छाती पोखरली होती आणि त्याला चार पायऱ्या चढतानाही धाप लागत होती. आईच्या मागोमाग तोही गेला. गळा मोकळा करायला घर मोकळं झालं, तेव्हा गळाच उरला नाही.

मग कॅसेटी येऊ लागल्या. गावोगावच्या लग्नघरांनी खुर्चीखाली टेपरेकॉर्डर ठेवून त्याचं गाणं भरून घेतलं होतं. समाचाराला येणारी माणसं तिकडे रवा नि अंडी आणतात, तशी ही माणसं रुमालात बांधून कॅसेट आणायची आणि फरूजाच्या हातात द्यायची. ती नको म्हणत नसे.

ऐकायचं कसं, हा खरा घोळ होता. घरात ती आणि मुलगा मुक्रान, दोघंच. टेप लावायचं तंत्र तिला जमत नव्हतं, आणि आई-मुलाने एका खोलीत बसून प्रेमाचं गाणं ऐकणं त्या घरात कधी घडलं नव्हतं. रेडिओवर तसलं काही लागलं की दोघांतलं एक खोकत खोकत बाहेर जायचं. तेव्हा ठरलं असं की मुक्रानने टेप लावायचा आणि अंगणात अंजिराखाली जाऊन बसायचं. बाजू संपली की फरूजा कढईवर डाव आपटायची. मग तो खाली मान घालून यायचा, कॅसेट उलटायचा आणि पुन्हा बाहेर जायचा. शेजारणी हसून लोळायच्या.

आणि ती रेकॉर्डिंगं तरी काय, नुसता गोंधळ. खुर्च्या सरकतायत, जनरेटर घरघरतोय, कोणी तरी थेट यंत्रात तोंड घालून फ्रान्समधल्या भावाला सलाम सांगतोय. एका ठिकाणी फीत सैल झालेली, तिथे बलाईद आजारी बैलासारखा हंबरतो. पण त्याच गोंधळात तो मध्येच हसतो, पाणी मागतो, डफवाल्याची खोड काढतो. एका लग्नात कडवंच विसरला, आणि लोक हसायच्या आत त्याने तिथल्या तिथे नवं रचून म्हटलं. फरूजा मांडीवर परात घेऊन रव्याचं कुसकुस वळत बसायची आणि तिचे हात थांबायचे. हा हसरा माणूस माझ्याकडे कधी आलाच नाही, असं तिला वाटायचं. माझ्याकडे यायचा तो दमलेला, चुन्याने माखलेला, सूप मागणारा. तिला त्याची आठवण येत होतीच. पण या न भेटलेल्या बलाईदची जी ओढ लागली, ती तिला सोसवेना.

त्यातलं एक गाणं सगळ्याच कॅसेटींत होतं. एका बाईचं गाणं. आधी तिचं चालणं, मग ऑलिव्हच्या तेलाने चिकट झालेले तिचे हात, मग तिचा राग. आणि शेवटच्या कडव्यात तो म्हणायचा, आता तिचं नाव सांगतो, ऐका. लोक ओरडायचे, सांग, सांग. आणि नेमकं तिथेच माशी शिंकायची. एका कॅसेटची फीत तिथे संपलेली. दुसरीत बायकांचा आनंदाचा असा लुलुकार की कानठळ्या बसाव्यात. तिसरीत कोणाचं तरी पोर यंत्राशेजारीच भोकाड पसरून बसलेलं.

चालणाऱ्या, तेल काढणाऱ्या आणि चिडणाऱ्या बायका त्या डोंगरात काय कमी होत्या? पलीकडच्या गावच्या बायका तर उघड म्हणायच्या की ते गाणं खालच्या नदीकाठच्या एका पोरीवर केलंय, लग्नाआधीचं प्रकरण. फरूजाने आयुष्यभर हे ऐकलं होतं आणि झटकून टाकलं होतं. आता ते झटकलं जाईना. गोंगाटाखाली एक नाव दबलंय, आणि ते आपलं आहे की दुसरीचं, एवढं कळल्याशिवाय तिला घास जात नव्हता.

इकडे मुक्रान बापाच्या गाण्यांची सीडी काढायच्या मागे लागला होता. तिझी-ऊझू शहरातल्या एका दुकानदाराने छापून देतो म्हटलं होतं, फक्त आवाज साफ कर म्हणाला. मुक्रान महिनाभर कॉम्प्युटरसमोर बसून होता. शेवटी त्याने साफ केलेली गाणी आईला लावून दिली आणि नेहमीप्रमाणे अंजिराखाली गेला. ते गाणं आलं. रागाचं कडवं झालं, टाळ्या झाल्या आणि गाणं संपलं.

फरूजाने डाव आपटला नाही. ती स्वतःच अंगणात आली.

"शेवटचं कडवं कुठे गेलं?"

मुक्रानचे कान लाल झाले. आई आपल्याशी या गाण्याबद्दल कधी बोलेल, असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. "यम्मा, तिथे काही नव्हतंच. नुसता गोंगाट."

"त्या गोंगाटात तुझ्या बापाने नाव घेतलंय. ते कापलंस तू."

मूळ कॅसेटी जशाच्या तशा आहेत, असं त्याने तिला परोपरीने सांगितलं. पण नाव कोणाचं ते त्यालाही माहीत नव्हतं. सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता, बलाईदच्या शेजारी जन्मभर डफ धरून बसलेला म्हातारा अरेझ्की. मुक्रान शुक्रवारी दुपारी त्याला गाडीत घालून घेऊन आला.

फरूजाने कॉफी दिली. अरेझ्कीचे दोन घोट होईपर्यंत कशीबशी थांबली आणि ट्रेकडे बघत विचारलं, "त्या गाण्यात नाव कोणाचं होतं?"

"नाव नव्हतंच, वहिनी," अरेझ्की म्हणाला. "तो तिथे गप्प व्हायचा आणि मॅंडोल वाजवायचा. लोकांना वाटायचं, आपल्याच ओरडण्यात ऐकू आलं नाही."

फरूजाचा चेहरा उतरला. "म्हणजे सगळं खोटंच. कोणी नव्हतीच."

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "नसलेलीचं नाव घ्यायला काय जातं? आम्ही गाण्यांतून ढीगभर पोरींची नावं घेतली, एक खरी नव्हती. बलाईदनेही घेतली. नदीकाठची कोणी असती, तर तिचंही घेतलं असतं बिनदिक्कत. चारचौघांत एकाच बाईचं नाव घेता येत नाही, वहिनी. घरच्या बाईचं."

मग फरूजाने मुलाला ती रडणाऱ्या पोराची कॅसेट लावायला सांगितली. मुक्रानने लावली आणि सवयीने दाराकडे वळला.

"बस," ती म्हणाली.

तो बसला. खाली मान घालून, पण बसला. चालणं झालं, हात झाले, राग झाला. लोक ओरडू लागले, पोर रडू लागलं. आजवर फरूजा त्या गलक्यात शब्द शोधत आली होती. आता शब्द शोधायचा नव्हता, म्हणून तिला दुसरंच ऐकू आलं. बलाईदने छाती भरून श्वास घेतला होता, गाणारा कडवं उचलताना घेतो तसा. आणि मग नुसती तार वाजली.

"हे सगळं सीडीत जाईल, यम्मा," मुक्रान जमिनीकडे बघत म्हणाला. "पोरासकट."

तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे. "नाव घेतलं असतं, तर मी त्याला उंबरा ओलांडू दिला नसता," ती म्हणाली. "जन्मभर अबोला धरला असता." आणि डोक्याचा रुमाल ओढून तिने डोळ्यांवर दाबला, मुलासमोर, अरेझ्कीसमोर.

"आता घे की," ती टेपकडे तोंड करून म्हणाली. "आता लाजायला कोण उरलंय?"

कॅसेटमधली माणसं अजून नाव मागत होती.