रुईबंगल्याची तुळस

पुसदला बाजाराच्या मागं रुईबंगला आहे. कापसाच्या व्यापारात नाव कमावलेल्या रामलाल शेठनं तो बांधला. तेव्हा ओसरीत कापूस तोलला जाई; तराजूची कडी तुळईला अजून आहे. शेठचे वारस नागपूरला गेले आणि बंगल्यात मुलींची शाळा भरू लागली. पुढं तो मंगल कार्यालय झाला, मग पोस्ट. रत्नप्रभाबाई त्याच बंगल्यात बाराखडी शिकल्या, तिथंच बोहल्यावर चढल्या, आणि त्यांचे यजमान दीनानाथराव तिथल्याच खिडकीमागं बसून निवृत्त होईपर्यंत तिकिटं विकत राहिले. बंगला कागदावर कोणाचाही असो, खरा आपलाच, असं बाईंना मनातून वाटे. बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

एवढी उलथापालथ झाली, पण मागच्या अंगणातल्या वृंदावनाला कोणी हात लावला नाही. बाईंचं घर समोरच. अंघोळ करून तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहाचा घोट घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. रविवारी आणि एकादशीला तुळशीचा उपास, त्या दिवशी लांबूनच नमस्कार. कार्तिकात तिचं लग्न लागे तेव्हा कन्यादान बाईंचं. त्यांना दोन्ही मुलगेच. मुलीची हौस अशी भागायची.

यंदा पोस्ट नव्या इमारतीत गेलं आणि बंगल्यात मुलांसाठी अभ्यासिका निघाली. तिची व्यवस्था पाहायला गौरी आली, वणीची लेक, नवीनच लग्न झालेली. नवऱ्यासोबत मागच्या दोन खोल्यांत राहू लागली. दुसऱ्याच दिवशी बाई तांब्या घेऊन गेल्या, तर आळं भिजलेलं आणि वृंदावनासमोर ठिपक्यांची रांगोळी.

"काकू, मी घातलं पाणी," गौरी हसून म्हणाली. "तुमची चक्कर वाचली!"

"देव तुझं भलं करो," बाई म्हणाल्या आणि आपला तांब्याही त्यावरच रिता केला. नेम तो नेम.

दुसऱ्या दिवशी त्या अंधारातच गेल्या. तिसऱ्या दिवशी गौरी त्यांच्याही आधी उठली. मग रोजचंच झालं. जी मागून येई ती ओल्या मातीवर पुन्हा पाणी ओते. रविवारी बाईंनी खिडकीतून पाहिलं, गौरी तुळशीला पाणी घालत होती. तिला रीत ठाऊक नाही, सांगावं, असं मनात आलं. पण सांगितलं नाही. आज तुळशीच्या ओठी फक्त तिचंच पाणी, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. शेवटी पदराखाली तांब्या झाकून बाई गेल्या आणि जन्मात पहिल्यांदा रविवारी पाणी घालून आल्या.

"आज कायले गेलती?" दीनानाथरावांनी विचारलं.

"फुलं आणायले."

"तांब्यात?"

बाई देवघरात जाऊन बसल्या. जप सुरू होता, पण मणी सरकत होते ते गौरीच्या नावानं.

दोन दिवसांनी अभ्यासिका चालवणारे भगवानराव रस्त्यात भेटले. "वहिनी, यंदा तुळशीचं लग्न गौरी लावून राह्यली. तुम्ही आता आराम करा."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. त्या रात्री जेवण गेलं नाही.

काळी माती पाणी धरून ठेवते. तुळस पिवळी पडली, मग पानं गळाली, आणि लग्न दोन दिवसांवर आलं असताना बुडापासून काळी होऊन कलली. बाईंनी पाहिलं. आधी आत कुठंतरी गोड वाटलं. मग त्या गोडीचीच भीती वाटली.

"झालं तुह्या मनासारखं?" दीनानाथराव म्हणाले.

संध्याकाळी गौरी दारात उभी. डोळे सुजलेले. बाईंच्या ओट्यावर कुंडीत एक तुळस होती, त्याच बंगल्यातल्या मंजिरीची, यंदाच्या पावसाळ्यात रुजलेली.

"काकू, मीच मारली तिले. तुमच्या आधी घालायचं म्हणून रोज घालत गेली."

"एकटीनं नाही मारली," बाई हळूच म्हणाल्या.

"ही द्या ना मले. तिचीच पोर आहे."

"पोर मागायला आलीस?"

गौरीनं डोळे पुसले. "हो. मागणीच घालते समजा."

"मग रीतसर होऊ दे," बाई म्हणाल्या. "बाळकृष्ण तुझा, पोरगी माझी. कन्यादान मीच करीन." आपण जिंकलो, असं त्यांना वाटलं.

द्वादशीला बंगल्याच्या ओसरीत मांडव पडला. अभ्यासिकेतल्या पोरींनी अंतरपाट धरला, भगवानरावांनी मंगलाष्टकं ओढूनताणून म्हटली. लग्न लागलं आणि कोणीतरी हाक दिली, "विहिणीचे पाय धुवा!"

बाई थबकल्या. मुलीची आई त्या, तेव्हा पाय त्यांनीच धुवायचे. आणि लग्न झालेल्या मुलीच्या सासरी आईनं रोज उठून पाणी घालायला जायचं नसतं, हेही तेव्हाच ध्यानात आलं.

गौरी पाटावर बसली नि पाय मागं ओढू लागली. "काकू, नको ना!"

"बसून राह्य, विहीणबाई." बाईंनी तिचा घोटा धरला, घट्टच. "आता पोर तुमची. पाणी तुम्हीच घाला. फक्त रविवारी घालू नका, उपाशी असते ती."

आणि तांब्या कलता केला. पाणी ताटाबाहेर सांडून गौरीचं नवं लुगडं भिजलं, तरी बाई ओततच राहिल्या.