बारीक नळी

उतारावर घरंगळणारी संत्री. दाराबाहेर जोडीने ठेवलेले बूट. तेलाने मऊ झालेलं फडकं. "जोर लाव की." खाली समुद्र.

मित्रांनो, यातलं आधी काय सांगू?

मी एक जुना मास्टर सिलिंडर आहे. शेडमधल्या फळीवर पडून असतो. ब्रेकचं पेडल दाबलं की माझ्या नळीतला दट्ट्या तेल ढकलायचा आणि छोट्या ट्रकची चाकं धरली जायची. माझी नळी बारीक. म्हणून पेडल खोल जायचं, पण थोड्या जोरानेही तेलावर दाब मोठा यायचा. त्या ट्रकच्या ब्रेकला पायाच्या जोराखेरीज दुसरा आधार नव्हता. ट्रक चालवणारी ताएको गुडघ्याने अधू होती, तरी संत्र्यांच्या पेट्या भरून ती डोंगरावरच्या बागेतून थेट समुद्राच्या धक्क्यापर्यंत उतरायची.

माझं कौतुक एकदाच झालं. "हा माझं ऐकतो," ती म्हणाली होती. "घरात दुसरं कोण ऐकतंय?"

तिचा नवरा शिगेओ मात्र पेडल खोल गेलं की तोंड वाकडं करायचा. त्याने भंगारातून मोठ्या गाडीचा, रुंद नळीचा सिलिंडर आणला. मला काढून तो बसवला. जाडजूड बूट घालून पेडल दाबलं. ते जेमतेम हललं.

"बघ, दगडासारखं घट्ट. याला म्हणतात ब्रेक."

ताएकोने दाबून पाहिलं. "अहो, दगडच झालाय. माझ्या पायाला दाद देत नाही. जुनाच बसवा."

"जोर लाव की. भात काय मांजराला घालतेस?"

"मांजर निदान ऐकून तरी घेतं."

"होईल सवय," तो हसला.

रुंद नळीत तेवढाच दाब आणायला पाय जास्त जोराचा लागतो. तसा पाय शिगेओचा होता.

धक्क्यावरच्या लोकांना आधी संत्री दिसली. रस्ताभर घरंगळत आलेली. मग वरच्या वळणावर रस्त्याकडेचा फुटलेला बांध, आणि बांधाखाली ट्रक.

ताएको घरी आली नाही.

शिगेओ आता अधूनमधून शेडमध्ये येतो. फडक्याने मला पुसतो. माझा दट्ट्या अंगठ्याने दाबतो. तो सहज आत जातो. मग शिगेओ मला पुन्हा फळीवर ठेवतो.

मित्रांनो, माझ्यावर गंज चढतोय, ते राहू द्या. ब्रेक बदलाल तेव्हा जो गाडी चालवणार, त्याचाच पाय त्यावर ठेवून बघा. तो पाय नाही म्हणाला, तर ऐका.

ट्रक नवा घेतला त्या दिवशी ताएकोने घरात शिरावं तसे बूट काढून बाहेर ठेवले, आणि पुढे तो ट्रक ती नेहमी नुसत्या मोज्यांवरच चालवायची.