अळणी बोळकं

शेकी गावात पिती, म्हणजे बोळक्यात शिजवलेलं मटण, बिघडवणारी बाई एखादी सापडेल, पण दारात आलेल्याला उपाशी पाठवणारी सापडायची नाही. पहिलीला लोक हसतात. दुसरीच्या घरात कुणी मुलगी देत नाही.

मिनायेला कुणी हसावं असं काही नव्हतं. तिची पिती नावाजलेली होती, आणि म्हणूनच बाकूची आयतेकिन नावाची मुलगी परदेशी पाहुण्यांची टोळकी घेऊन तिच्याकडे येई. ही माणसं दोन विमानं बदलून येतात आणि सगळ्यात आधी चूल बघतात. गावातला राजवाडा उरकतात तासाभरात, आणि बोळक्यात मटण आधी की हरभरे आधी यावर दुपार घालवतात. मिनायेला पूर्वी याचं हसू यायचं, आता सवय झाली होती. खाणाऱ्या तोंडाला भाषा लागत नाही, एवढं तिला कळलं होतं.

आदल्या दिवशी दुपारी आयतेकिनचा फोन आला.

"मिनाये खाला, उद्या सहा पाहुणे आणि मी. आणि हो, आमचा नेहमीचा ड्रायव्हर आजारी पडलाय. तुमच्याच गावातला एक गाडीवाला घेतलाय, शाहमार म्हणून. माणूस चांगला आहे, फक्त बोलत नाही."

"बोलतो की," मिनाये म्हणाली. "माझ्याशी बोलत नाही. माझा भाऊ आहे तो."

आयतेकिन म्हणाली, "दुसरा कुणी बघू का?"

"कशाला? येऊ दे."

शाहमार तिचा एकुलता एक धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो रशियात, पार सायबेरियाकडे तेलाच्या कामावर होता. फोनवर ओरडून सांगत होता, बाजी, मी निघालोय, मला तिचं तोंड बघू दे. पण माती त्याच दिवशी द्यायची, ऊन उतरायच्या आत. मुल्ला म्हणाले, थांबता येणार नाही. वडीलधाऱ्यांनी माना हलवल्या. मिनाये बायकांत बसली होती, ती काहीच बोलली नाही. शाहमार पोचला तो तिसऱ्या दिवसाच्या जेवणाला. मिनायेच्या घरी पंगत बसलेली होती. त्याने समोरची रोटी उचलली, कपाळाला लावली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "या रोटीची शपथ, या घरचं मीठ माझ्या तोंडात जाणार नाही."

रोटीची शपथ म्हणजे खेळ नाही. रस्त्यात पडलेला रोटीचा तुकडासुद्धा ही माणसं उचलून ओठांना लावतात आणि उंचावर ठेवतात. तिला हातात धरून बोललेलं परत कसं घ्यायचं? तीन वर्षं झाली. शाहमार रशियातून कायमचा परत आला, गाडी घेतली, तीन गल्ल्या पलीकडे राहिला. बाजारात बहीण दिसली की पुदिन्याच्या जुड्या निरखत उभा राही. गावातला सगळ्यात जास्त पुदिना निरखलेला माणूस तोच असेल.

आता तो दारात येणार होता. त्याला जेवण पाठवलं तर शपथ आड येणार, तो परत पाठवणार. न पाठवावं, तर मिनायेच्या दारातून सख्खा भाऊ उपाशी गेला असं होणार. परत पाठवलेलं बोळकं पाहण्यापेक्षा हात भाजलेला बरा, असं तिला वाटलं. ती रात्री हरभरे भिजत घालेपर्यंत याच विचारात होती.

सकाळी तिने बोळकी एका रांगेत मांडली. प्रत्येकात मटण, हरभरे, चेस्टनट, वाळवलेला आलुबुखार, वर दुंबा मेंढ्याच्या जाड शेपटीची चरबी. पिती म्हणजे ज्याचं त्याचं बोळकं. एका मोठ्या पातेल्यात शिजवून वाढली तर तो रस्साच. आणि मीठ शेवटी घालायचं, नाहीतर हरभरा मऊ होत नाही. दुपारच्या सुमाराला तिने केशराचं पाणी घातलं, मग एकेका बोळक्यात मीठ सोडत गेली. शेवटच्या बोळक्याशी तिचा हात थांबला. तिने मिठाचं भांडं बाजूला ठेवलं आणि बोळक्याच्या गळ्याला लाल लोकरीचा धागा बांधला.

तिचा नवरा मुबारिज दारात चहा पीत उभा होता. "हे काय? ताईत बांधलास की काय?"

"ते शाहमारचं. अळणी आहे."

"अळणी पिती! असलं तर दवाखान्यातसुद्धा देत नाहीत."

"शपथ त्याने मिठाची घेतलीय, मटणाची नाही."

मुबारिजने पेला खाली ठेवला. "चुलीपाशी वाया गेलीस तू. वकील व्हायचीस. आणि रोटी? रोटीत मीठ नसतं?"

"तिची कणीक वेगळी मळलीय. एकच केलीय, धाकटी."

मुबारिजने आणखी एक पेला चहा ओतून घेतला.

गाडी आली. पाहुणे उतरले, अक्रोडाच्या झाडाचे, तंदूरचे, मिनायेच्या चपलांचेसुद्धा फोटो काढून झाले. शाहमार गाडीतून उतरला तो फाटकाबाहेरच्या बुटक्या भिंतीवर जाऊन बसला, पाठ घराकडे करून. केस पिकले होते. मागून तो वडिलांसारखा दिसायला लागला होता.

"ते जेवत नाही म्हणतात," आयतेकिन म्हणाली. "पोटात दुखतंय म्हणे."

"तीन वर्षं दुखतंय," मुबारिज म्हणाला आणि चहाचा पेला घेऊन बाहेर गेला. त्याचा आवाज आतपर्यंत आला. "घे. चहात मीठ नसतं."

शाहमारने चहा घेतला.

मिनाये अंगणात तंदूरपाशी वाकली. रोट्या निघत होत्या, सोडून जाता येत नव्हतं. धाकटी रोटी तिने फडक्यात गुंडाळून मुबारिजच्या हातात दिली. "ही त्याची. आणि आत धागा बांधलेलं बोळकं आहे, ते ने. दुसरं नेऊ नकोस."

"एवढं कळतं मला."

शेवटची रोटी काढून ती स्वयंपाकघरात आली आणि खिडकीशी उभी राहिली. वाडगा-चमच्यासकट बोळकं भिंतीवर शाहमारच्या शेजारी ठेवलेलं होतं. त्याने त्याला हात लावला नव्हता. मुबारिज काहीबाही बोलून परत फिरला. शाहमारने चहा संपवला. मग त्याने फडकं उघडलं, रोटीचा कोपरा मोडला, वास घेतला आणि तोंडात टाकला.

चावता चावता तो थांबला. त्याने मान वळवून घराकडे पाहिलं. मिनाये पडद्याआड सरकली, पोरीबाळी सरकतात तशी. पुन्हा डोकावली तेव्हा तो रोटी वाडग्यात कुस्करत होता. वर रस्सा ओतला. पहिला घास घेतला, आणि चमचा हातातच राहिला. एवढ्या लांबून त्याचा चेहरा दिसत नव्हता. मग त्याची मान खाली गेली आणि तो जेवू लागला.

मिनायेने डोळे पुसले आणि पाहुण्यांत गेली. तिला हलकं वाटत होतं. सुमाकची आंबट पूड स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाढली.

टेबलाच्या टोकाला एक उंच, पिकल्या केसांची डच बाई बसली होती. ती खूप वेळ चमचा चाटत होती. मग संकोचून आयतेकिनच्या कानाशी काही बोलली.

"खाला, या विचारताहेत," आयतेकिन म्हणाली, "शेकीत पितीला मीठ घालायची पद्धत नाही का? वाईट नाही म्हणत हं त्या. नुसतं विचारताहेत."

मिनायेने त्या बाईच्या वाडग्यात बोट बुडवलं. पाहुणीच्या वाडग्यात! आणि चाखलं. अळणी.

"धागा कुठाय?" तिने विचारलं.

"कुठला? तो लाल? फोटोत वाईट दिसत होता म्हणून काढला मी. मुबारिज चाचांनी विचारलं तेव्हा सांगितलं की, रांगेच्या कडेचंच बोळकं ते."

मुबारिजचा चेहरा पडला. "कडा दोन होत्या," तो म्हणाला.

मिनाये चपला न घालताच बाहेर पळाली. तिच्या मनात एकच होतं. आता त्याला वाटणार, मी फसवलं. आधी आईचं तोंड बघू दिलं नाही, आता लबाडीने शपथ मोडायला लावली. यानंतर तो पुदिन्याच्या जुड्यासुद्धा निरखणार नाही, गावच सोडून जाईल.

शाहमारने रस्सा संपवला होता. पितीत आधी रस्सा-रोटी खातात, मग मटण; अर्धं जेवण झालं होतं. उरलेलं मटण आणि हरभरे वाडग्यात काढून तो शांतपणे कुटत बसला होता.

"शाहमार, थांब. खाऊ नकोस." तिला धाप लागली होती. "बोळकी बदलली. तुझ्यासाठी मी अळणी केलं होतं, ते दुसरीकडे गेलं. हे मिठाचं आहे. आईच्या कबरीची शपथ, मी मुद्दाम नाही केलं."

"माहीत आहे," तो म्हणाला. तीन वर्षांत तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"काय माहीत आहे?"

"रोटी अळणी होती." तो कुटतच होता. "शेकीत अळणी रोटी कोण करतं? तेव्हाच कळलं, बाजीने पळवाट काढलीय. मग रस्सा तोंडात घेतला तर मीठ. म्हटलं, आत कुणीतरी गोंधळ घातला. मुबारिजच असणार."

"पहिल्याच घासाला कळलं तुला?"

"मला चव नाही की काय?"

"मग थांबला का नाहीस?"

शाहमारने चमचा वाडग्याच्या कडेला टेकवला. 

"त्या दिवशी तू एक शब्द तरी टाकायचा होतास, बाजी. थांबले नसते ते, मला ठाऊक आहे. पण तू म्हणालीस एवढं मला ऐकायचं होतं. माझा भाऊ येतोय, एवढंच."

"हो," मिनाये म्हणाली. "टाकायला हवा होता. मी घाबरले. सगळे मोठे बसले होते, आणि मी घाबरले."

तिचे अनवाणी पाय धुळीत होते, तिकडे त्याने पाहिलं. आत पाहुणे खिडकीशी गोळा झाले होते, आणि मुबारिज त्यांना हाताने मागे ढकलत होता.

शाहमारने उरलेली धाकटी रोटी उचलली, ओठांना लावली, फडक्यात नीट गुंडाळली आणि कोटाच्या खिशात ठेवली. मग वाडगा हातात घेऊन तो उभा राहिला आणि फाटकातून आत आला.

"मीठ तर खाऊन झालं," तो तिच्या पुढे चालत म्हणाला. "आता रोटी तरी चवीची वाढ."