टायरच्या आतलं कातडं

तातेराव देवी टोचायला गावोगाव सायकलीवर फिरायचे. जवळा बाजारहून तांड्याकडं जाणारी वाट बाभळीच्या बनातून होती. दर फेरीला चाकात काटा मोडायचा. लढाईचे दिवस, नवी ट्यूब कुठंच मिळेना. शेवटी त्यांनी बाजारातून कमावलेल्या कातड्याच्या दोन लांब पट्ट्या आणल्या आणि टायर-ट्यूबच्या मधे बसवल्या. त्या दिवशी बन पार झालं तरी चाकातली हवा शाबूत होती.

तांड्याच्या गायरानात मात्र चरणाऱ्या गुरांनी माना वर केल्या. एक गाय जवळ आली, तिनं चाक हुंगलं आणि हंबरडा फोडला. बघता बघता सगळा कळप भोवती जमला. कुणी खुरानं माती उकरत होतं, कुणी टायर चाटत होतं. तातेरावांना पाय टाकायला जागा उरली नाही.

गुरांची मालकीण रूपाबाई धावत आली.

"डाक्टर, चाकात काय घातलंय?"

"कातडं हाय, बाई. काट्यासाठी."

"काढून दावा."

त्यांनी टायर सोडवला. पट्टीवर डागणीचा अर्धा चंद्र उमटलेला होता. त्यावर बोट ठेवून रूपाबाई खालीच बसली. तिचा नवरा सेवा मिठाच्या गोण्या आणायला गेला तो वाटेतच वारला. तेव्हा एकटाच घरी परतलेल्या बैलाच्या अंगावरची डागणी हीच. तो उन्हाळ्यात मेला, तेव्हा तिनं दिराला बजावलं होतं, कातडं काढू नको, शेतात पूर.

दीर मोहनसिंग मागंच उभा होता.

"कुठं पुरलास रे त्याला?"

"इकला, भाबी," तो खाली बघत म्हणाला.

रूपाबाई ओरडली नाही. "म्हणून बैल रोज दारात येऊन उभा राहून राहिला. मी म्हणायची, मलाच भास होऊन राहिला."

तातेरावांनी दुसरी पट्टीही काढून दिली. मोहनसिंगानं शेताच्या बांधाला खड्डा खणला. माती दाबून होईपर्यंत गुरं हलली नाहीत.

पुढं तातेरावांनी टायरात काहीच घातलं नाही. बाभळीचं बन आलं की ते सायकल खांद्यावर घेऊन चालायचे. लोक हसायचे. "काट्यापायी," ते सांगायचे. पण सायकल उचलली की मानेमागं ऊन ऊन श्वास लागायचा, आणि बन संपेपर्यंत ते मागं वळून बघत नसत.