दोन बहिणींचं रक्त

आमच्या नारीनच्या डोंगरात रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बघून दचकायचं नसतं. इतक्या उंचीवर तो सगळ्यांचाच कमी. म्हणून दवाखान्यात आलेल्या बुरुलकानचा कमी आला तेव्हा आमचे मोठे डॉक्टर एसेनकुल म्हणाले, "डोंगरातलीच बाई आहे. घरी पाठव."

पण ती धापा टाकत होती, आणि तिच्या पायाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. पायात झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात तर गेली नसेल? स्कॅन राजधानीत, बिश्केकला, खिंडीपलीकडे. नुसत्या शंकेवर गाडी मिळत नाही. मला मात्र छडा लागेपर्यंत चैन पडत नाही, हा माझा जुना रोग.

तिची थोरली बहीण उम्सुनाय तिला कुरणावर परत न्यायला आली होती. दोघी एकाच तंबूत, एकाच उंचीवर राहणाऱ्या. मी म्हटलं, "एजे, ताई, मनगटातून थोडं रक्त देता?"

"आजारी ती आणि सुई मला?"

"तुम्ही धडधाकट. तुमच्याशी ताडून बघते."

"बघ बाई. जन्मभर घोडीचं दूध प्यायलेय, तेच निघालं तर सांग, भांडं लावते."

दोघींचा ऑक्सिजन जवळजवळ सारखाच निघाला. "झालं समाधान?" एसेनकुल म्हणाले. खरं तर मी हिरमुसलेच. मग खालचा आकडा दिसला. बुरुलकानचा कार्बन डायऑक्साइड बहिणीपेक्षा बराच कमी होता; जोरजोरात श्वास घेतला की तो रक्तातून निघून जातो. मी दोघींजवळ जाऊन उभी राहिले. थोरली निवांत बसली होती, धाकटीची छाती भात्यासारखी हलत होती. जेवढा ऑक्सिजन एकीला बसल्या जागी मिळत होता, तेवढ्यासाठी दुसरी मरमर राबत होती.

"म्हणजे गुठळी आहेच म्हणतेस?" एसेनकुलनी विचारलं.

"ते रक्त सांगत नाही, आगाय. आकडे चांगले आले तरी गुठळी असू शकते. पण हिला घरी पाठवू नका, एवढं ते सांगतंय."

त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडले. "गाडी सांग," म्हणाले. "आणि गुठळीचं इंजेक्शन आत्ताच सुरू कर."

बुरुलकानबरोबर तिचा नवरा गेला, उम्सुनाय दवाखान्यातच थांबली. संध्याकाळी बिश्केकहून फोन आला: दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या, पण वेळेत पोचली, वाचेल. मला इतका आनंद झाला की धावतच उम्सुनायकडे गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"गाडीरस्ता संपतो तिथं मी दोन घोडे बांधून आलेय," ती म्हणाली. "एक तिच्यासाठी. आज तिला त्यावर बसवून वर चढवणार होते."