बघण्यापुरती बाग

ऑफिसातून आलेल्या मुलाने बूट काढायच्या आधीच दिवाणखान्यात डोकावून पाहिलं आणि त्याचं डोकं फिरलं. चालायचं यंत्र बंद होतं. समोरच्या टीव्हीवर मात्र जंगल चालू होतं. धबधबा, धुकं, पाखरांचा किलबिलाट, सगळं. आणि आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"आप्पा, आजही चालला नाहीत?"

"चाललो होतो. कुठंच पोचलो नाही, म्हणून थांबलो."

आप्पांचं सारं आयुष्य जमिनी मोजण्यात, रानोमाळ हिंडण्यात गेलेलं. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मुलाने त्यांना आपल्याकडे आणलं. रोज चालले नाहीत तर अंथरूण धरतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलाने काही कमी केलं नव्हतं. यंत्र आणलं, निसर्गाचे व्हिडिओ लावून दिले, खिडकीतून धूळ येते म्हणून ती बंद केली. तरी आप्पा खंगत चालले होते. ताट समोर आलं की चिडायचे. इतकं करूनही यांचं तोंड वाकडंच, असं मुलाच्या मनात यायचं, आणि तसं आल्याबद्दल त्याला स्वतःचाही राग यायचा.

मोठी बहीण चार दिवस राहायला आली होती. ती एका शाळेची मुख्याध्यापिका, त्यामुळे जाब विचारायची सवय घरातही सुटत नसे. गॅलरीतून खाली बघत ती म्हणाली, "अरे, एवढी छान बाग आहे की खाली. आप्पांना तिथं का नेत नाहीस?"

"ती वापरायची नाही, ताई."

"म्हणजे?"

"हिरवळ तुडवली जाते, पोरं फांद्या मोडतात. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मीच ठराव करून घेतला. फाटकाला कुलूप. माळी सोडून कुणी आत जायचं नाही. त्यामुळेच तर आमच्या बागेला बक्षीस मिळालं."

"बागेला मिळालं. माणसांना काय मिळालं?"

"आलीस की झालीस सुरू."

"सुरू कुठं? अजून पाणीसुद्धा विचारलं नाहीस." ती आत येऊन बसली. "टीव्हीतलं झाड सावली देतं का रे? त्याला वास येतो? शाळेतल्या कटकटींनी वैतागले ना, की मी मैदानाच्या कडेला झाडाखाली नुसती बसते. कटकटी जागच्या जागी असतात, पण श्वास जरा लांब होतो, नजर चार भिंतींच्या पलीकडे जाते. आप्पा तर जन्मभर उघड्यावर राहिलेत. त्यांना तू बाटलीत भरून ठेवलंयस."

"नियम सगळ्यांना सारखा. मीच मोडला तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

रविवारी सकाळी दारावरची घंटा वाजली. दारात वॉचमन, आणि त्याने दंडाला धरलेले आप्पा. मागे तळमजल्यावरच्या गाण्याच्या बाई.

"साहेब, हे कुंपणाच्या फटीतून बागेत शिरले होते," वॉचमन खाली बघत म्हणाला. "झाडाखाली बसले होते, उठेनात. तुम्हीच म्हणाला होतात, माझा बाप आला तरी सोडू नकोस."

"माझ्या नातवाला दम भरला होतात, आठवतं ना?" बाई म्हणाल्या. "आता घरच्यांनाही भरा."

मुलाची कानशिलं तापली. दार लागताच तो ओरडला, "अब्रू घालवलीत माझी. काय कमी केलं मी तुम्हाला?"

आप्पा खुर्चीत टेकले. धाप लागली होती, बाहीला वाळकं पान चिकटलं होतं.

"कमी काही नाही रे. फार जपलंस. त्या हिरवळीला जपतोस तसंच, कुलूप लावून." मग म्हणाले, "भूक लागलीय मला. आधी वाढ, मग हवं तेवढं ओरड."

मुलाच्या एकदम लक्षात आलं. शस्त्रक्रियेनंतर आप्पांनी आपणहून काही खायला मागितलं, ते आज पहिल्यांदा. ताईने ताट घेतलं आणि त्याच्या हातात दिलं.

त्याच आठवड्यात त्याने सोसायटीची सभा बोलावली. मुलं धिंगाणा घालतील, बाग उजाड होईल, बक्षीस जाईल, सगळे आक्षेप आले. सगळे त्याचेच जुने शब्द होते.

"जाऊ दे बक्षीस!" तो म्हणाला. "ठराव माझा होता, चूकही माझीच. हिरवळ पुन्हा लावता येते."

फाटक उघडलं. कुरकुर अजूनही संपलेली नाही. झाडाखालचं गवत बसून बसून उडालं आहे आणि माळी त्यावरून रोज बोलतो. आप्पाही काही जादूने ठणठणीत झाले नाहीत. चढावर दम लागतोच. पण संध्याकाळी चपला घालून तेच आता मुलाची वाट बघतात, आणि त्याला उशीर झाला की रागावतात.

वाचकहो, औषधं घ्यावीत, डॉक्टरांचं ऐकावं. पण रोज थोडा वेळ उघड्या आभाळाखाली, झाडांच्या संगतीतही काढावा. घरातल्या आजारी, थकलेल्या माणसाला हात धरून तिथं न्यावं. आणि अशा एखाद्या फाटकाची किल्ली तुमच्यापैकी कुणाकडे असेल, तर आजच फिरवा ती. आत गवत थोडं मरेल. बाहेर कुणीतरी जगेल.