खालचं वावर

"देठ धरून खुडायचं. मूळ नाही उपटायचं," असं सांगत विमलताईंनी तरोट्याचा कोवळा शेंडा खुडून दाखवला. त्यांच्यामागे यवतमाळची दहा-बारा माणसं एकदम वाकली.

रानभाज्या ओळखायला शिकवणारी ही फेरी सुचित्रा मॅडमनी सुरू केली होती. बँकेतून निवृत्त झालेल्या या बाई पावसाळ्यात हौशी मंडळींना गाडीत घालून दिग्रसजवळच्या या गावात आणायच्या. विमलताई रान दाखवायच्या, आणि खुडलेली भाजी दुपारी त्यांच्याच अंगणात शिजायची. जन्मभर विमलताईंना कोणी काही विचारलं नव्हतं. वावरात काय पेरायचं, पोरीला कुठं द्यायचं, सगळं घरातल्या बाप्यांनी ठरवलेलं. आता मात्र शिकलीसवरलेली माणसं हातात पान घेऊन त्यांच्यासमोर उभी राहायची आणि ताई, हे खाऊ का, असं विचारायची. त्याचं त्यांना फार सुख होतं. थोडा तोराही आला होता, खोटं कशाला बोला.

त्या तोऱ्यापायीच त्यांचे पाय खालच्या वावराकडे वळले. पाहुण्यांना वरच्याच वावरात फिरव, असं त्यांच्या मुलानं, कपिलनं, सकाळी दारव्ह्याला जाण्याआधी बजावलं होतं. कपाशी तुडवली जाईल म्हणून सांगत असेल, असं त्यांना वाटलं. पण वरचं रान शेळ्यांनी साफ केलेलं. रिकाम्या पिशव्या घेऊन पाहुणे परत गेले असते तर विमलताईंचं नाक कापलं गेलं असतं.

खाली मात्र कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासातासांत कुंजरची भाजी माजली होती. हिरवीगार, गुडघाभर. सुचित्रा मॅडम हरखून गेल्या. साकेत नावाचा एक तरुण बायको-पोरीला घेऊन आला होता. तालुक्याच्या कृषी कार्यालयात नोकरीला होता. त्याची चिमुरडी स्पृहा तर फ्रॉकच्या ओच्यात पानं भरू लागली.

विमलताई उभ्या राहून कौतुकानं बघत होत्या. बघता बघता त्यांचं मन चरकलं. इतकं तण या वावरात राहिलंच कसं? यंदा कपिलनं निंदणाला बाया लावल्या नव्हत्या. तण काढायला बैलांचा डवराही फिरला नव्हता. विचारलं की पाहू, पाहू म्हणायचा. त्यांनी वाकून एक पान तोडलं. पानावर पांढुरके वाळलेले ठिपके होते. नाकाशी धरलं तर उग्र, औषधी वास आला. आजूबाजूला सगळे हसत-बोलत खुडत होते.

तेवढ्यात दारव्ह्याहून परतलेला कपिल वावराच्या धुऱ्यावरून जवळजवळ पळतच आला. पाहुण्यांकडे बघून कसनुसा हसला आणि आईला बाभळीआड घेऊन गेला.

"वरच फिरव म्हनलं होतं ना तुले."

"काय मारलं इथं?"

"तणनाशक. काल सांजी."

"उभ्या कपाशीवर?"

कपिल खाली बघू लागला. साध्या कपाशीवर ते औषध पडलं तर तणाबरोबर कपाशीही जळते. जी जळत नाही, तिचं बियाणं वेगळं असतं. त्याला सरकारची परवानगी नाही आणि ते चोरून विकलं जातं. पेरणीच्या वेळी कपिलनं घरात त्याचा उच्चारही केला नव्हता.

"तो साहेब हाय कृषीचा," तो दबक्या आवाजात म्हणाला. "त्याले समजलं तं सारं वावर उपटाले लावतीन. केस होईन माह्यावर. तू काही बोलू नको, आई. भाजी धुतली म्हंजे काही होत नाही."

"तू खाशीन?"



विमलताई तासाकडे वळल्या. स्पृहा एक पान ओठांशी नेत होती. आता लपवायचं तर पोरीच्या पोटात विष जाणार, आणि खरं सांगायचं तर पोटचं पोर अडकणार. त्या झपाझप गेल्या आणि मुलीच्या हातावर चापट मारून त्यांनी ते पान खाली पाडलं.

"सारेजण थांबा. पिशव्या इथंच उलट्या करा," त्या म्हणाल्या. "मी चुकली. हे कुंजर नाही. दुसरंच हाय, विखारी. तोंडात नका घालू, हात धुवा."

सुचित्रा मॅडम गोंधळल्या. मागच्या वर्षी हीच भाजी खाल्ली होती, असं पुटपुटल्या.

"दिसते तशीच. डोये दगा देऊन राह्यले मले आता."

साकेतनं मुलीला उचलून घेतलं आणि तिचे हात बाटलीतल्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतले. कपाशीकडे बघायचं त्याच्या मनातही आलं नाही. मागे एक बाई दुसरीला हळूच म्हणाली की मागच्या वेळी आपण काय खाल्लं कोण जाणे. ते विमलताईंना स्पष्ट ऐकू आलं.

अंगणात कोणी जेवलं नाही. भाकरीलाही हात लावला नाही. कोणाला उपास होता, कोणाला घाई. सुचित्रा मॅडमनी निघताना त्यांचा हात हातात घेतला, डोळे तपासून घ्या म्हणाल्या. पुढच्या फेरीचा विषय निघाला नाही. गाडी गेल्यावर विमलताई एकट्याच खालच्या वावरात गेल्या, शेळ्यांच्या तोंडी लागू नये म्हणून पडलेली भाजी गोळा करून खड्ड्यात पुरली आणि वर काटे टाकले.

घरी आल्या तेव्हा कपिल जेवत होता. त्याची बायको सुरभी परसातली अंबाडी सुपात घेऊन बसली होती. पाहुण्यांनी सांगितलं तेवढंच तिला ठाऊक होतं. विमलताईंनी हातपाय धुतले, तिच्यासमोर बसल्या आणि सवयीनं सूप आपल्याकडे ओढलं.

सुरभीनं ते धरून ठेवलं.

"राहू द्या, आई," ती अगदी मायेनं म्हणाली. "भाजी मीच निवडीन आता. घरात लेकरू हाय."

कपिलचा घास हातातच राहिला. विमलताई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यानं मान खाली घातली, भाकरीचा तुकडा मोडला आणि वरणात बुडवला.

विमलताईंनी सूप सोडून दिलं.